फ्यूजन 'क्लीन' आहे का, हे कायद्याच्या कुठल्या कलमात लिहिलंय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिएटलच्या उत्तरेला राहणारे एक गृहस्थ विचारतात, "वॉशिंग्टन राज्याने फ्यूजनला क्लीन एनर्जीत घेतलं म्हणे. पण फ्यूजन म्हणजे शेवटी न्यूक्लियरच ना? कचरा होणार, रेडिएशन असणार, आणि अजून एक युनिट वीज कुणी विकलेली नाही, मग कायदा करायची एवढी घाई कशाला? आमच्या बिलावर काय परिणाम? आणि उद्या महाराष्ट्राने असा कायदा करायचा म्हटलं तर करता येईल का? मलागाला होणाऱ्या फ्यूजन प्लांटच्या सुनावणीत मला बोलायचंय, तिथे काय बोलू?"

मी इकडे पॅसिफिक नॉर्थवेस्टमध्ये वीज प्रकल्पांच्या परमिटची कामं करतो, विंड, सोलर, बॅटरी, ट्रान्समिशन लाइन, सगळं. त्यामुळे उत्तर कायद्याच्या बाजूने देतो, फिजिक्स लागेल तेवढंच. फ्यूजन म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढणं, आणि आजच्या अणुप्रकल्पांत चालतं ते फिशन, म्हणजे जड अणुकेंद्रं फोडणं.

पहिली गोष्ट म्हणजे 'राज्याने क्लीन ठरवलं' हे वाक्यच फसवं आहे. क्लीन हा शब्द कायद्यात एका जागी नसतो. एक व्याख्या असते युटिलिटीने, म्हणजे वीज पुरवणाऱ्या कंपनीने, किती टक्के वीज कशातून घ्यायची त्यासाठी, दुसरी असते सरकारी पैसा कुणाला द्यायचा त्यासाठी, आणि तिसरी असते प्लांटला परवानगी कोण देणार त्यासाठी. या तिन्ही व्याख्या वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसेलच असं काही नाही. पेपरात मात्र तिन्हीची बातमी एकाच हेडिंगने येते, 'फ्यूजन आता क्लीन एनर्जी'.

वॉशिंग्टनचंच बघा. २०१९ ला इथे क्लीन एनर्जी ट्रान्सफॉर्मेशन अ‍ॅक्ट झाला, आम्ही सगळे त्याला सीटा म्हणतो. २०४५ पर्यंत राज्यात विकली जाणारी सगळी वीज एकतर रिन्यूएबल किंवा 'नॉनएमिटिंग' पाहिजे असं त्यात आहे. रिन्यूएबलची यादी नावानिशी दिलीय, पाणी, वारा, ऊन, जिओथर्मल, लाटा आणि भरती-ओहोटी, बायोमास वगैरे. फ्यूजन त्या यादीत नाही आणि असायचं कारणही नाही. पण नॉनएमिटिंगची व्याख्या यादी देऊन केलेलीच नाही. तिचा मतलब एवढाच की वीज तयार करताना उपपदार्थ म्हणून ग्रीनहाउस गॅस बाहेर पडला नाही पाहिजे, बस. तंत्रज्ञानाचं नावच नाही. रिचलंडचा कोलंबिया जनरेटिंग स्टेशन हा फिशनचा प्लांट याच व्याख्येत बसतो, आणि फ्यूजनची वीज ग्रिडवर आली तर तीही बसेल, वेगळा कायदा न करता. म्हणजे तुम्ही ज्याला 'क्लीन ठरवणं' म्हणताय ते वीजखरेदीच्या बाबतीत २०१९ लाच होऊन गेलं होतं, फक्त तेव्हा कुणी फ्यूजनचं नाव घेतलं नव्हतं.

मला स्वतःला ही पद्धत जास्त पटते. नावं लिहून यादी केली की दर दोन वर्षांनी कुणीतरी लॉबिस्ट येतो आणि आपलं नाव घुसवायला बघतो. आणि यादीत राजकारण कसं शिरतं याचा नमुना इथेच आहे: २००६ ला मतदारांनी पास केलेल्या इनिशिएटिव्ह ९३७ मध्ये रिन्यूएबलची जी व्याख्या होती तिच्यात ग्रँड कूलीसारख्या जुन्या धरणांची वीज धरलीच नाही, फक्त एफिशिएन्सी वाढवून मिळालेली जादा वीज धरली, कारण जुनी धरणं मोजली असती तर टार्गेट पहिल्याच दिवशी पूर्ण झालं असतं. भारतात याच्या उलटं झालं. २५ मेगावॉटच्या वरचा हायड्रो बरीच वर्षं रिन्यूएबलमध्ये धरत नव्हते, मार्च २०१९ मध्ये केंद्राने ठरवलं की तोही रिन्यूएबल. पाणी तेच, टर्बाइन तेच, फाइलवरचा शिक्का बदलला.

मग २०२४ आणि २०२५ ला परत कायदे कशासाठी केले? २०२४ चा एचबी (हाउस बिल) १९२४ हा राज्याच्या क्लीन एनर्जी धोरणांत फ्यूजनला जागा करून देण्यासाठी होता. तो महत्त्वाचा आहे, पण धोरण म्हणजे धोरण, त्यावर फार वेळ घालवत नाही. खरी गंमत २०२५ च्या एचबी १०१८ मध्ये आहे, आणि तो क्लीन या शब्दाबद्दलचा कायदाच नाही, तो परवानगीबद्दलचा आहे.

इथे मोठ्या वीज प्रकल्पांना साइट सर्टिफिकेट देणारी एक राज्यपातळीवरची कौन्सिल आहे, एनर्जी फॅसिलिटी साइट इव्हॅल्युएशन कौन्सिल, बोलताना एफसेक. ही १९७० ची. तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आता न्यूक्लियर प्लांट धडाधड उभे राहणार, तर प्रत्येक काउंटीशी (इथला जिल्हा) भांडण्यापेक्षा एकच खिडकी असू दे. पुढे काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टीमने पाच प्लांट काढले, एकच पूर्ण झाला, आणि १९८३ ला सव्वादोन अब्ज डॉलरच्या बॉंडवर डिफॉल्ट झाला, त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा म्युनिसिपल डिफॉल्ट. सॅटसपचे दोन रिकामे कूलिंग टॉवर अजून उभे आहेत, ऑलिम्पियावरून समुद्राकडे जाताना लांबून दिसतात. शिवाय हॅनफर्ड आहेच, अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवायची जुनी जागा, जिथला किरणोत्सारी कचरा अजून साफ होतोय. त्यामुळे या राज्यात 'न्यूक्लियर' शब्द काढला की हॉलमधलं वातावरण बदलतं, आणि ते का बदलतं हे मी समजू शकतो.

तर एफसेकच्या कायद्यात न्यूक्लियर प्लांट सक्तीने कौन्सिलकडे जातो, औष्णिक प्लांट ठराविक मेगावॉटच्या वर गेला की जातो, आणि विंड-सोलरवाल्यांना चॉइस असतो, पाहिजे तर कौन्सिलकडे या नाहीतर काउंटीकडे जा. आता एव्हरेटची हीलियन नावाची कंपनी जे मशीन बनवतेय त्यात पाणी उकळून वाफेवर टर्बाइन फिरवायचा प्रकार नाहीये, प्लाझ्मा (प्रचंड तापलेला, विद्युतभारित वायू) फुगतो तेव्हा चुंबकीय क्षेत्र ढकललं जातं आणि त्यातून कॉइलमध्ये थेट करंट घ्यायचा असा त्यांचा बेत आहे. मग हा प्लांट कुठल्या खणात टाकायचा? औष्णिक म्हणावं तर बॉयलर नाही. न्यूक्लियर म्हणावं तर रिअ‍ॅक्टरसाठी लिहिलेली सगळी प्रक्रिया लागू होईल. काहीच नाही म्हणावं तर काउंटीचा प्लॅनर एकटा काय करणार, त्याने आयुष्यात सबडिव्हिजनचे प्लॉट आणि सफरचंदाची कोल्ड स्टोरेजेस मंजूर केलेली असतात. एचबी १०१८ ने यावर सरळ उत्तर दिलं, फ्यूजनलाही विंड-सोलरसारखा चॉइस, पाहिजे तर एफसेककडे सर्टिफिकेट मागता येईल.

म्हणजे 'घाई कशाला' याचं उत्तर असं, की वीज आल्यावर व्याख्या लिहून चालत नाही. प्लांटला पैसे लावणारा माणूस पहिल्या मीटिंगला विचारतो, परमिट कोण देणार आणि किती महिने. त्याला 'बघू' म्हटलं की तो दुसऱ्या राज्यात जातो. मॅसॅच्युसेट्सच्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टीम्सचंच घ्या, त्यांचं स्पार्क हे प्रायोगिक मशीन त्याच राज्यात डेव्हन्सला उभं राहतंय पण पहिला ४०० मेगावॉटचा व्यावसायिक प्लांट त्यांनी व्हर्जिनियातल्या चेस्टरफील्ड काउंटीत जाहीर केला, आणि त्यातली २०० मेगावॉट गूगलने आधीच बुक केलीय. जागा निवडताना ग्रिड कनेक्शन, गिऱ्हाईक, जमीन असं बरंच काही बघतात, कायदा त्यातला एक भाग. पण तो भाग अडला तर बाकीचं असून उपयोग नसतो.

हीलियनचा पहिला प्लांट वेनाचीजवळ मलागाला होतोय, शेलॅन काउंटी पीयूडीच्या (तिथली सार्वजनिक वीज संस्था) जमिनीवर, रॉक आयलंड धरणाच्या शेजारी. २०२५ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. मायक्रोसॉफ्टबरोबरचा करार २०२३ चा, किमान ५० मेगावॉट आणि तारीख २०२८. ही तारीख पाळली जाईल यावर मी माझे पैसे लावणार नाही, पण तो वेगळा विषय.

आता 'शेवटी न्यूक्लियरच ना' याबद्दल. फिजिक्सच्या अर्थाने हो, अणुकेंद्रंच एकत्र येतात. कायद्याच्या अर्थाने नाही, आणि हे राज्याने नाही, फेडरल न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनने ठरवलंय. एप्रिल २०२३ मध्ये पाचही कमिशनरांनी मिळून सांगितलं की फ्यूजन मशीन रिअ‍ॅक्टरसारखी न धरता बायप्रॉडक्ट मटेरियलच्या नियमांखाली धरायची, म्हणजे पार्टिकल अ‍ॅक्सलरेटर आणि हॉस्पिटलातली आयसोटोप ज्या चौकटीत येतात त्यात. २०२४ च्या अ‍ॅडव्हान्स अ‍ॅक्टने हेच कायद्यात पक्कं केलं. याचा राज्यांवर मोठा परिणाम आहे, कारण बायप्रॉडक्ट मटेरियलचं लायसन्स 'अ‍ॅग्रीमेंट स्टेट' (कमिशनशी करार करून हे काम अंगावर घेतलेली राज्यं) स्वतः देऊ शकतात आणि वॉशिंग्टन तसं राज्य आहे. इथे रेडिएशनचं लायसन्स राज्याचं आरोग्य खातं देतं. तर फ्यूजन प्लांटच्या बाबतीत राज्याच्या हातात क्लीनच्या लेबलपेक्षा कितीतरी जड वस्तू आहे, आणि लोक लेबलवर भांडत बसतात.

हे योग्य आहे का? माझ्या मते बऱ्यापैकी योग्य. फिशनमध्ये चेन रिअ‍ॅक्शन असते, बंद केल्यावरसुद्धा इंधन तापत राहतं, फुकुशिमाला तेच झालं. फ्यूजनमध्ये प्लाझ्मा जरा बिघडला की विझतो, तो टिकवणं हीच तर अडचण आहे. आणि युरेनियम, प्लुटोनियम नाही, त्यामुळे हजारो वर्षं सांभाळायचं वापरलेलं इंधन नाही.

पण इथे कंपन्यांचे पीआरवाले जे 'नो रेडिओअ‍ॅक्टिव्ह वेस्ट' छापाचं बोलतात ते मला अजिबात आवडत नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं, त्यांच्या प्रत्येक फ्यूजनमधून १४.१ एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं माप) एक न्यूट्रॉन सुटतो, तो भिंतीत घुसतो, स्टील रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतं, आतले भाग ठराविक काळाने बदलावे लागतात. हीलियन ड्युटेरियम आणि हीलियम-३ वापरणार, त्यात मुख्य रिअ‍ॅक्शनमधून न्यूट्रॉन येत नाही हे खरं, पण त्याच प्लाझ्मात ड्युटेरियम-ड्युटेरियमही चालू राहतं, त्यातून २.४५ एमईव्हीचे न्यूट्रॉन येतात आणि ट्रिटियमही तयार होतं. शिवाय हीलियम-३ बाजारात पोत्याने मिळत नाही, ते त्याच ड्युटेरियम-ड्युटेरियममधून करायचं आहे. म्हणजे न्यूट्रॉन कमी, शून्य नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, पाण्यात सहज मिसळतं, त्यामुळे गळती झाली तर भूजलाचा प्रश्न येतो आणि मलागा तर कोलंबिया नदीच्या काठावर आहे. हा सगळा कचरा मुख्यतः लो-लेव्हल म्हणतात त्या वर्गातला. त्यासाठी राज्यात जागा आधीपासून आहे, हॅनफर्डच्या आवारात नॉर्थवेस्ट आणि रॉकी माउंटन कॉम्पॅक्टमधल्या (कचऱ्यासाठी आपसांत करार केलेल्या) राज्यांचा लो-लेव्हल कचरा पुरायची व्यावसायिक साइट आहे. म्हणजे प्रश्न सुटण्यासारखा आहे, पण तो आहे हे बिलात आणि परमिटमध्ये लिहिलं पाहिजे.

म्हणूनच मला 'नॉनएमिटिंग' हा शब्द 'क्लीन'पेक्षा बरा वाटतो. त्याचा दावा छोटा आहे आणि तपासता येतो. क्लीन म्हटलं की ज्याला जे पाहिजे ते तो त्यात बघतो.

कलम कसं लिहिलंय याने काय होतं त्याचं अजून एक उदाहरण देतो, कॅलिफोर्नियाचं. तिथे १९७६ पासून नवीन अणुप्रकल्पांवर बंदी आहे, कचऱ्याची कायमची सोय झाल्याशिवाय नाही. पण त्या कलमात शब्द आहेत 'न्यूक्लियर फिशन थर्मल पॉवरप्लांट'. फिशन असं स्पष्ट लिहिल्यामुळे पन्नास वर्षांनी फ्यूजनवाल्यांचा रस्ता मोकळा राहिला, आणि २०२३ ला तिथल्या विधिमंडळाने एबी (असेंब्ली बिल) ११७२ करून एनर्जी कमिशनला फ्यूजनचा अभ्यास करायला सांगितलं. शेजारच्या ओरेगनच्या १९८० च्या कायद्यात 'न्यूक्लियर-फ्यूल्ड थर्मल पॉवर प्लांट' असं मोघम लिहिलंय. तिथे उद्या कुणी फ्यूजन प्लांट काढला तर पहिलं वर्ष वकीलच खाणार.

आता पैशाची व्याख्या, कारण तुमची खरी शंका तिथे आहे असं मला वाटतं. वीजखरेदीच्या टार्गेटमध्ये फ्यूजनला क्लीन म्हटल्याने एक पैसाही जात नाही. युनिट मीटरमधून बाहेर आलं तर मोजलं जाणार, नाही आलं तर नाही. फेडरल टॅक्स क्रेडिटचा एक प्रकारही असाच आहे, जेवढी वीज तेवढी सवलत. त्या क्रेडिटच्या नियमांत फ्यूजन नावानिशी आहे, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने विंड-सोलरची सवलत लवकर कापली तरी फ्यूजनसारख्यांना पूर्ण सवलतीसाठी २०३३ पर्यंत बांधकाम सुरू करायची मुदत ठेवली. हा भेदभाव मला पटत नाही, आज वीज देणाऱ्याला बाहेर काढलं आणि उद्या देईन म्हणणाऱ्याला आत ठेवलं. पण तो वॉशिंग्टन डीसीचा निर्णय, वॉशिंग्टन राज्याचा नाही.

ग्रँट आणि सरकारी फंडांच्या व्याख्येत मात्र सांभाळून राहावं लागतं, कारण तिथे पैसा वीज येण्याआधी जातो. तिथे फ्यूजन घालायचं असेल तर मी म्हणेन संशोधन आणि सप्लाय चेनसाठी वेगळं खातं करा, सोलर-बॅटरीच्या पंक्तीत बसवू नका. नाहीतर एकाच भांड्यातून वाढायला लागलं की ज्याचं ताट मोठं त्याच्याकडे डाव जास्त जातो.

आणखी एक गोष्ट कुठल्याही बिलात मला नीट दिसत नाही, ती म्हणजे ऑक्झिलरी. महाजेनकोत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, प्लांट स्वतः किती वीज खातो. फ्यूजनमध्ये हा आकडा फार मोठा असू शकतो, मॅग्नेट, कूलिंग, कपॅसिटर बँक चार्ज करायची ती वीज, सगळं. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत डिसेंबर २०२२ ला लेझरने फ्यूजन घडवलं त्यात इंधनाच्या टार्गेटवर २.०५ मेगाज्यूल गेले आणि ३.१५ बाहेर आले, जगभर टाळ्या पडल्या आणि पडायलाच पाहिजे होत्या, पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास घेतले होते. ते संशोधनाचं मशीन आहे, त्याला दोष नाही. पण व्यावसायिक प्लांटला क्लीनचं श्रेय देताना कायद्यात सरळ लिहावं की वर्षभरात ग्रिडमधून घेतलेली वीज वजा करून जी उरेल तेवढीच मोजायची. एका वाक्याचं काम आहे. आत्ता लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही, प्लांट उभा राहिल्यावर लिहायला गेलात तर कोर्टात जातील.

तुमच्या बिलाचं सांगतो. तुमच्याकडे स्नोहोमिश पीयूडी असेल नाहीतर पीएसई (प्युजेट साउंड एनर्जी). मलागाची वीज मायक्रोसॉफ्टच्या नावावर आहे, तिचा धोका हीलियन आणि मायक्रोसॉफ्टमधला. त्यामुळे या कायद्याने तुमच्या दरात आज काही हलत नाही. पुढे युटिलिटीने स्वतः फ्यूजनची वीज घ्यायचा करार केला, किंवा अशा प्लांटसाठी ट्रान्समिशनचा खर्च सगळ्या ग्राहकांवर टाकला, तर तेव्हा दराच्या हिअरिंगकडे लक्ष ठेवा.

महाराष्ट्राचं. राज्याला असा कायदा जसाच्या तसा करता येणार नाही. अणुऊर्जा हा विषय घटनेने केंद्राच्या सूचीत टाकलाय, त्यामुळे लायसन्सचा भाग मुंबईत ठरूच शकत नाही. वीज समवर्ती सूचीत आहे, तिथे थोडी जागा आहे, पण विद्युत कायदा २००३ मध्ये राज्य आयोगाला खरेदीचं बंधन घालायचा जो अधिकार आहे तो रिन्यूएबल आणि को-जनरेशनपुरता, आणि फ्यूजन रिन्यूएबल नाही. उलट २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीत 'नॉन-फॉसिल' असा शब्द आलाय, तो इथल्या नॉनएमिटिंगच्या जवळचा, पण तो केंद्राचा कायदा. भारतात फ्यूजनचं काम गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये चालतं आणि फ्रान्समधल्या इटेर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाचा प्रचंड क्रायोस्टॅट (आतलं मशीन अतिथंड ठेवणारं भांडं) लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला बनवला. काम जोरदार आहे, पण ग्रिडवरच्या फ्यूजन विजेची व्याख्या करायची वेळ तिकडे अजून आलेली नाही.

शेवटचं, तुम्ही लिहिलंय की मलागाच्या सुनावणीत बोलायचंय. अवश्य बोला, पण 'हे क्लीन नाही' असं बोलायला उभे राहिलात तर तीन मिनिटं वाया जातील, कारण तो प्रश्न त्या टेबलावर नसतोच. त्याऐवजी हे विचारा: आरोग्य खात्याच्या लायसन्सप्रमाणे साइटवर एका वेळी जास्तीत जास्त किती ट्रिटियम असणार आणि भूजलाची टेस्टिंग विहिरी खणून कोण करणार. प्लांट मोडायचा खर्च आज कुठल्या स्वरूपात बाजूला ठेवलाय, बॉंड की नुसतं कंपनीचं पत्र. एफसेककडे गेलेल्या प्रकल्पाला साइट पूर्ववत करायचा प्लॅन आणि त्यासाठीची आर्थिक हमी दाखवावी लागते, काउंटीकडून परमिट घेतलं असेल तर तशीच अट काउंटीने घातलीय का, आणि घातली असेल तर कितव्या क्रमांकाची. परमिटची प्रत पब्लिक रेकॉर्ड असते, अर्ज केला की मिळते. ती घेऊन अटींच्या पानावर खुणा करूनच हॉलमध्ये जा.